दोन बाण आणि तेलाचा डाग

मी एक पुठ्ठा बोलतोय. पुठ्ठ्याला कसलं आलंय आत्मवृत्त, असं तुम्हाला वाटणारच. वर्षापूर्वी मलाही तसंच वाटलं असतं. पण गेल्या वर्षभरात मी एका बिछान्याची भिंत झालो, चौदा एकर जमिनीचा नकाशा झालो, दुबईतल्या एका मोठ्या ऑफिसात ‘दस्तऐवज’ झालो, आणि आज विमानतळावर सामानाच्या रांगेत उभा आहे. आमच्या कुळात एवढं आयुष्य कुणाच्या वाट्याला येत नाही. आतला माल निघाला की आम्हाला पायाने चपटं करतात आणि विषय संपतो.

माझा जन्म लांबच्या एका कारखान्यात, रद्दीच्या लगद्यातून झाला. मागच्या जन्मी मी काय होतो कोण जाणे. वर्तमानपत्र असेन, लग्नपत्रिका असेन, कोर्टाचा कागदही असेन. वाळवून, कापून, दुमडून झाल्यावर माझ्या अंगावर काळ्या शाईने तीन खुणा छापल्या. वरच्या अंगाला शेजारी शेजारी दोन बाण, खाली एक छत्री आणि छत्रीच्या डावीकडे एक पेला. बाण म्हणजे ही बाजू वर ठेवा, छत्री म्हणजे भिजवू नका, पेला म्हणजे आत नाजूक माल आहे. जगातला कुठलाही हमाल या तीन खुणा वाचू शकतो. साहेबलोकांना त्या वाचता येत नाहीत, हे मला पुढे कळलं.

माझ्या पोटात फ्रिज होता. त्याला घेऊन मी दुबईच्या जबल अली बंदरात उतरलो आणि तिथून एका गोदामात गेलो. फ्रिजला वाटेत पोचा पडला होता, म्हणून साहेबांनी तो उघडून बघितला आणि बाजूला काढला. मी रिकामा झालो. आता चपटं होण्याची वेळ आली असं मी समजून चुकलो होतो, तेवढ्यात दगडूने मला हात लावला.

दगडू म्हणजे गोदामातला लोडर. वय अडतीस, अंगाने काटक, बोलणं मोजकं. रायगड जिल्ह्यातल्या उंबरमाळ नावाच्या ठाकरवाडीतून नऊ वर्षांपूर्वी इथे आला. लग्न राहूनच गेलं. वडील वारले, आई तानुबाई लेकीच्या घरी राहते. सुपरवायझरला त्याने विचारलं, हा पुठ्ठा नेऊ का. सुपरवायझर म्हणाला, “यल्ला, उठाओ, खलास.” एवढ्या तीन शब्दांत माझी मालकी बदलली. जमिनींचे व्यवहार इतके सोपे नसतात हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

कॅम्पातल्या खोलीत आठ जण होते आणि एसीचा झोत नेमका दगडूच्या डोक्यावर यायचा. त्याने माझी एक मोठी बाजू बिछान्याच्या मापाने कापून घेतली आणि खाटेच्या दांडीला बांधून टाकली. कापताना माझ्या बाणांच्या वर छापलेली ‘ही बाजू वर’ अशी इंग्रजी ओळ गेली. ती गेली नसती तर पुढचं रामायण घडलंच नसतं, पण दगडूला बिचाऱ्याला ते कसं कळणार.

मी वारा अडवायचो आणि तो माझ्यावर डोकं टेकून झोपायचा. आईने बजावलेलं, म्हणून डोक्याला रोज खोबरेल तेल. महिनाभरात माझ्या अंगावर, बाणांच्या थोडं खाली, तळहाताएवढा डाग पडला. पुढे तो थाळीएवढा झाला. मला त्याची लाज वाटायची.

मग एप्रिलात एका रविवारी दगडूच्या भाचीचा, स्वप्नालीचा, फोन आला. इथे साधा व्हिडिओ कॉल लागत नाही, त्यासाठी वेगळं ॲप घ्यावं लागतं, आणि ते ॲपही सारखं अडखळतं. त्यामुळे बातमी तुकड्यातुकड्यांनी आली. जमीन... मामा... परत... नावं लागली... आजी रडतेय.

ती जमीन दगडूच्या आज्याच्या पिढीची. तेव्हा वाडीतल्या लोकांचे अंगठे कुठल्याशा कागदावर उठले आणि चौदा एकर एका शेठची झाली. कागद कसला ते कुणालाच वाचता आलं नाही. आदिवासीची जमीन आदिवासीला परत करायचा कायदा आहे, त्या कायद्याच्या पाठीमागे वाडी किती वर्षं धावली याचा हिशेबच नाही. दगडूचा बाप तारखांना जाता जाता वारला. आणि आता सातबाऱ्यावर तेवीस घरांची नावं परत लागली होती. ज्याने जमीन नेली तो कागद आमच्याच भाऊबंदांपैकी, म्हणून मी तेव्हा गप्प बसलो. भाऊबंदकीत बोलू नये.

जमीन आली, आता तिचं करायचं काय? वाडीने ग्रामसभेत एवढंच ठरवलं की तुकडे पाडायचे नाहीत, सगळ्यांनी मिळून आखायचं. नाचणी कुठे, वरई कुठे, कुठल्या झाडांना हात लावायचा नाही, आणि घरं कुठे. पुढच्या होळीच्या आदल्या रविवारी सगळ्यांनी जमिनीवर जमायचं आणि प्रत्येक घराने आपल्या चुलीचे तीन दगड आपल्या हाताने मांडायचे. हातचा दगड पडला की ती चूल धरली. जो आला नाही त्याची चूल नाही. रुसायचं काम नाही.

अडचण एवढीच होती की शेठने चाळीस वर्षं कुंपण घातल्यामुळे आतली जमीन वाडीतल्या कुणाला नीट माहीतच नव्हती. माहीत होती दगडूला. लहानपणी तो तिथे शेठच्या म्हशी राखायचा. आपल्याच जमिनीवर परक्याची गुरं राखल्यामुळे त्याला तिचा कोपरान् कोपरा पाठ होता. तानुबाई सभेत म्हणाली, दगड्याला विचारा. म्हणून स्वप्नालीने सांगितलं, मामा, नकाशा काढून फोटो पाठव.

दगडूने गोदामातून काळा मार्कर आणला आणि खोलीत एवढा मोठा कागद मीच होतो. त्याने मला सोडवून जमिनीवर आडवं पाडलं आणि उकिडवा बसला. माझ्यावरच्या छापील खुणांवरून त्याने एकदा बोट फिरवलं. मग काम सुरू केलं, पण गरिबाच्या रीतीने. जे आधीच छापलेलं होतं ते त्याने वाया जाऊ दिलं नाही. दोन बाण वर होते, ते झाले जमिनीच्या वरच्या अंगाचे जोडडोंगर. वाडीत ‘वर’ म्हणजे डोंगराकडे आणि ‘खाली’ म्हणजे ओहोळाकडे, दिशा याहून जास्त लागत नाहीत. छत्री झाली मोठा उंबर, ज्याच्या सावलीत पूर्वी सभा भरायच्या. पेला झाला पाण्याचा झरा. मग त्याने ओहोळ काढला, वाघोबाचा दगड काढला, मोहाची तीन झाडं काढली आणि फोनवर एकेका घराला विचारून तीन-तीन ठिपक्यांच्या बावीस चुली काढल्या.

तेविसावी काढली नाही. स्वप्नालीने विचारलं, मामा, तुझी कुठे? तो म्हणाला, बघू, इन्शाल्ला.

“इन्शाल्ला म्हणजे हो की नाही?” तिने विचारलं.

दगडूने ॲप अडखळल्याचं सोंग केलं. खरं सांगू, त्याला ती काढायची होती. मार्करचं टोक दोनदा माझ्या जवळ आलं आणि परत गेलं. नऊ वर्षं बाहेर राहिलेल्या माणसाने त्या जमिनीवर बोट ठेवायचं की नाही, हेच त्याला ठरवता येत नव्हतं. आईने तिच्या पद्धतीने निरोप पाठवला होता की मी लेकीच्या चुलीवर जेवते आणि सुखात आहे. सुखात आहे असं ती दर वेळी सांगायची, म्हणूनच तो निरोप त्याला खरा वाटायचा नाही.

मला परत दांडीला बांधलं आणि महाराष्ट्र दिन उजाडला. दुबईतल्या ऊद मेथा भागातलं मराठी मंडळ दर वर्षी या दिवशी कॅम्पात श्रीखंडाचे डबे वाटायला येतं. डबे छोटे, बॅनर मोठा. मंडळात सूर्यकांत नावाचे गृहस्थ होते, मूळ पुण्याचे, इथल्या एका कन्सल्टन्सीत शहरांचे आराखडे करणारे मोठे साहेब. समुद्रात बेटं उभी करायची म्हटली तरी यांच्या टेबलावरून जावं लागतं, असं त्यांच्याबरोबरचे सांगत होते. ते दगडूच्या हातात डबा ठेवून फोटोसाठी वळले आणि त्यांची नजर माझ्यावर पडली.

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. हे काय आहे, असं त्यांनी विचारलं आणि दगडूने आमच्या परत मिळालेल्या जमिनीचा नकाशा आहे, एवढंच सांगितलं. सांगता सांगता तो लाजला. सूर्यकांतसाहेबांचे डोळे मात्र भरून आले. माणूस वाईट नव्हता हो, हे मला आधीच सांगून टाकू दे. पुढे जे झालं ते वाईटपणाने झालं नाही, आदराने झालं.

ते म्हणाले, “दगडूभाऊ, आम्ही फॉरेनमधून एक्स्पर्ट बोलावतो आणि तुम्ही हे मेमरीवरून काढलंत? तुमच्या वाडीचा मास्टर प्लॅन मी करणार. फ्री. वाडीतून सगळे इनपुट्स घेऊ.”

दगडूला नाही म्हणता आलं नाही. मला गुंडाळून गाडीच्या मागच्या सीटवर झोपवलं. त्या गाडीत चंदनाचा वास होता आणि माझ्या अंगाला खोबरेलाचा.

आठ महिने मी त्यांच्या ऑफिसात होतो. काचेच्या भिंतीला मला आतून-बाहेरून चुंबक लावून चिकटवलं होतं. पाहुणे आले की साहेब माझ्यासमोर उभे राहून भाषण करायचे, आणि मी काय काय आहे ते मला त्यातून कळायचं. माझे दोन बाण म्हणजे उत्तर दिशा. एक सहकारी म्हणाला की सॅटेलाइटच्या चित्राशी हे जुळत नाही, डोंगर उत्तरेला नाही, पूर्वेला दिसतोय. साहेब हसून म्हणाले की चित्रात ढग आहेत, आणि आदिवासीला स्वतःच्या जमिनीची उत्तर चुकेल का? एक नाही, दोन बाण काढलेत, किती ठाम आहेत बघा. पेला म्हणजे पेयपानाची जागा, तिथे त्यांनी पर्यटकांसाठी टपरी आखली. छत्री म्हणजे पावसातला निवारा, तिथे पत्र्याची शेड आखली. उंबर त्यांच्या आराखड्यात उरलाच नाही. आणि माझा तो तेलाचा डाग त्यांनी भिंगातून बघितला आणि ठरवलं की ही पाणथळ जागा आहे. तिथे बांधकामाला कायमची बंदी, बेडकांसाठी राखीव.

मला हसता येत नाही, नाहीतर चुंबक पडला असता.

जानेवारीत एका रविवारी साहेबांनी दगडूला घरी बोलावलं, तिथून वाडीला कॉल लावून आराखडा दाखवायचा होता, म्हणून मलाही ऑफिसातून घरी आणलं होतं. दगडूने इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि तो सोफ्याच्या अगदी कडेवर बसला होता. अनुपमाताईंनी, म्हणजे साहेबांच्या बायकोने, पोहे दिले आणि माझ्याकडे बघून नाक मुरडलं. असल्या पुठ्ठ्याने घरात झुरळं होतात, असं त्या साहेबांना बाजूला घेऊन म्हणाल्या. त्यांची मुलगी ईशानी तिथेच फोन बघत पडली होती. तिने एकदा मान वर केली.

“बाबा, दॅट्स जस्ट द बॉक्स. दिस साइड अप,” ती म्हणाली.

“ईशू, मराठीत बोल. आणि मोठी माणसं बोलतायत,” साहेब म्हणाले. ती परत फोनमध्ये गेली.

कॉल लागला. वाडीतल्या समाजमंदिरात सगळे जमले होते, स्वप्नालीने फोन उंच धरला होता. साहेबांनी टीव्हीवर आराखडा लावला आणि तासभर सांगितलं. टप्पा एक, टप्पा दोन, टप्पा तीन. पर्यटकांचे रस्ते, सोलर, सूर्योदय बघायचा कट्टा, सगळ्या घरांची दारं पूर्वेला. वाडी फार सभ्यपणे ऐकत होती. मधून एखादं पोर रडायचं. मामाचं घर यात कुठे आहे, असं स्वप्नालीने विचारलं तेव्हा साहेबांनी यादी बघितली आणि सांगितलं की बाहेरगावी असलेल्यांची घरं टप्पा तीनमध्ये येतात, साल दोन हजार एक्केचाळीस. दगडूने मान डोलावली. मंजूर असल्यासारखी डोलावली, पण पोह्यांची बशी त्याने तशीच खाली ठेवली.

मग तानुबाईने फोन स्वतःच्या हातात घेतला. पडद्यावर नुसतं तिचं कपाळ दिसत होतं.

“सायब, तुमच्या गावात सूर्व्या कुठनं उगवतो?” तिने विचारलं.

साहेबांनी कट्टा दाखवला, उजवीकडे.

“आमच्याकडं डोंगराच्या मागनं उगवतो,” तानुबाई म्हणाली. “उशिरा उगवतो, पण तिथनंच. उजवीकडं तर दक्षिण. तुमी समद्यांची दारं यमाकडं केलीत.”

समाजमंदिरात खसखस पिकली. साहेब माझ्याजवळ आले आणि माझे दोन बाण त्यांनी बोटाने दाखवले, हे बघा, दगडूभाऊंनीच उत्तर काढली आहे. आता सगळे दगडूकडे बघायला लागले. तो उठून उभा राहिला. साहेबांचा अपमान होऊ नये म्हणून त्याने आधी हात जोडले.

तो खालच्या आवाजात म्हणाला की बाण मी काढलेले नाहीत, खोक्यावर छापून आले होते, मी त्यांचा डोंगर केला. मग एकेक करून सगळंच सांगावं लागलं. पेला म्हणजे झरा. छत्री म्हणजे उंबर. सोफ्यावरून ईशानीने डोळेसुद्धा वर केले नाहीत, फक्त म्हणाली, “टोल्ड यू.” साहेब खुर्चीवर बसले. त्यांचा चेहरा पडला होता आणि मला त्यांची दया आली. मग त्यांनी हातातल्या पेनाने माझ्या डागाला स्पर्श केला, बुडत्याला काडीचा आधार तसा.

“पण ही पाणथळ तरी खरी ना? इथे काही बांधता येणार नाही.”

दगडूचे कान तांबडे झाले. “साहेब, ती पाणथळ नाही,” तो म्हणाला. “माझ्या डोक्याचं तेल आहे. मी त्याला टेकून झोपायचो.”

आधी वाडीत कुणाला ऐकू गेलं नाही. स्वप्नालीने मोठ्याने परत सांगितलं. मग समाजमंदिर असं हसलं की ॲप अडखळलं आणि चित्र गोठलं. चित्र परत आलं तेव्हा तानुबाई हसत नव्हती. ती फोन डोळ्यांजवळ धरून माझ्याकडे बघत होती. नऊ वर्षं तिचा लेक कुठे झोपतो, हे तिने पहिल्यांदा बघितलं होतं. मला ज्याची लाज वाटायची तो डाग ती बोटाने पडद्यावर चाचपत होती, असं स्वप्नालीने नंतर मामाला सांगितलं.

“दगड्या,” ती म्हणाली, “तो डाग वाडीत कुठं येतो रं?”

दगडूने मान खाली घालून माझ्याकडे बघितलं. डोंगराच्या पायथ्याशी, झरा आणि उंबर यांच्या वरच्या अंगाला. “तिथं माळ आहे, आये. कोरडा. मुरमाचा.”

“मग तिथंच मांड. जिथं डोकं टेकलंस तिथं चूल. मी तुझे दगड मांडायची नाय. तू ये.”

 या वेळी दगडूने इन्शाल्लाही म्हटलं नाही.

वाडीने साहेबांचे मनापासून आभार मानले आणि आराखडा नाकारला. तानुबाईचं म्हणणं असं की जमीन कागदावर गेली आणि कागदावर परत आली, तेवढा कागद पुरे, आता पायाने मोजू. सोलर मात्र चांगलं वाटलं, असं स्वप्नालीने साहेबांना कळवलं, आणि ते कुठल्या दिशेला लावायचं हे विचारलं. साहेबांनी बिचाऱ्यांनी उत्तर लगेच पाठवलं. या वेळी आधी सूर्य कुठून उगवतो ते विचारून घेतलं.

मला मात्र ते सोडायला तयार नव्हते. कॉन्फरन्समध्ये लावायला मला चौकट करून घ्यायची होती. दुकानाने चारशे दिरहम सांगितले होते, म्हणजे जवळजवळ दहा हजार रुपये, एका पुठ्ठ्याला. मी भाव खाऊन गेलो, खोटं कशाला बोलू. काचेआड राहिलो असतो तर शंभर वर्षं टिकलो असतो. पण दगडूने दारात चपला घालता घालता मागे वळून विचारलं, साहेब, पुठ्ठा नेऊ का. अनुपमाताईंनी साहेबांना तोंड उघडायची संधीच दिली नाही. न्या, न्या, म्हणाल्या, आणि पोह्यांचा डबाही बरोबर दिला.

दगडूची दोन वर्षांची सुट्टी साठली होती. ती त्याने मागून घेतली. परतीचं तिकीट खिशात आहेच, कारण चूल मांडून होत नाही, तिच्यावर ठेवायलाही काही लागतं. पण होळीच्या आदल्या रविवारी तो जमिनीवर असेल.

परवा त्याने सामान भरलं. गोधड्या, दुधाची पावडर, आईसाठी मलमाच्या बाटल्या. खोकं कमकुवत होतं, म्हणून मला त्याच्याभोवती गुंडाळलं आणि टेपने आवळलं. दोरी विमानतळावर चालत नाही. मग मार्कर घेऊन माझ्या अंगावर, ओहोळावरून मोहाच्या झाडांपर्यंत, मोठ्या अक्षरांत स्वतःचं नाव आणि वाडीचा पत्ता लिहिला. नकाशा आता नीट दिसत नाही. डाग तेवढा दिसतो, कारण त्याच्यावर मार्कर उमटला नाही.

काल आईने फोनवर विचारलं की नवीन चूल पेटवायची तर पहिलं जळण काय आणतोस. दगडू म्हणाला, आहे माझ्याकडे.

मला कळलं. रांगेत उभं राहून मी त्याच विचारात आहे. चौकट हुकली, शंभर वर्षं हुकली. मला गोदामातल्या माझ्या भाऊबंदांना एवढंच सांगायचं आहे, बाकीच्यांनी ऐकलं तरी चालेल. तुमच्या अंगावर बाण असेल तर तो कुणाला उत्तर म्हणून वापरू देऊ नका. आणि तेल लावणाऱ्या माणसाच्या डोक्याशी लागून झोपायला मिळालं, तर लाजू नका.

काट्यावरून उचलून त्यांनी मला आडवं टाकलं आहे, बाण भलतीकडेच तोंड करून आहेत. पट्टा सरकतोय. मला घाई आहे. माझ्यात वर्षभराचं खोबरेल मुरलंय, पहिल्याच काडीला पेटेन.